फूलमतीची तारीख

बावीस वर्षं मी लोकांना तारखा दिल्या. कोर्टाच्या किंवा लग्नाच्या नाही, कॅन्सरच्या ऑपरेशनच्या. बनारसमधल्या एका मोठ्या सरकारी इस्पितळात, ओपीडीच्या शेवटच्या खिडकीपाशी माझं टेबल होतं. त्याआधी मी वॉर्डात सिस्टर होते. पेशंट उचलता उचलता कंबर गेली, तेव्हा आमच्या सरांनी, म्हणजे विभागप्रमुख सर्जननी, मला खुर्चीवर बसवलं आणि समोर एक जाडजूड रजिस्टर ठेवलं. "सिस्टर, आजपासून ऑपरेशनची यादी तुमची," म्हणाले. मला वाटलं, सुटले. बसून काम, डोक्यावर पंखा. पहिल्याच आठवड्यात कळलं, की त्यापेक्षा वॉर्डातली ड्रेसिंग्ज सोपी होती.

आम्ही बनारसचे मराठी. सासरची मंडळी पाच पिढ्यांपासून मंगला गौरीच्या देवळाजवळ राहतात. घरात मराठी, उंबऱ्याबाहेर हिंदी, आणि पेशंटचं मन काढून घ्यायचं असेल तर भोजपुरी. गाजीपूर, बलिया, पार सासारामपर्यंतचे लोक मला 'तारीखवाली सिस्टर' म्हणून ओळखत. भाजी घेताना कुणीतरी हात जोडून उभं राही आणि शर्टाची बटणं काढून ऑपरेशनची खूण दाखवू लागे. माझी मुलगी तेव्हा कॉलेजात होती. ती लाजून दहा पावलं पुढे निघून जाई.

बाहेरच्या माणसाला वाटतं, गाठ सापडली, डॉक्टरांनी सांगितलं, ऑपरेशन झालं. मधे केवढा रस्ता असतो ते दिसत नाही. गाठीचा तुकडा तपासायला जातो, त्याचा रिपोर्ट येतो. मग स्कॅन. मग आधी औषधं द्यायची की आधी कापायचं, यावर डॉक्टर एकत्र बसतात. मग भूल देणाऱ्या मॅडम तपासतात. साखर वाढलेली, रक्त कमी, छातीत कफ, असं काही निघालं की माणूस परत. हे सगळं पार करून तो माझ्या खिडकीशी पोचे, आणि तिथे त्याला कळे की अजून रांग आहे. आमच्याकडे ऑपरेशनची दोनच टेबलं. जबड्याचं मोठं ऑपरेशन असलं की एका टेबलाचा अख्खा दिवस त्यातच जाई. चांगल्या दिवसांतही पाच-सहा आठवड्यांनंतरचीच तारीख मिळायची.

आणि गाठ तोवर थांबत नाही. आज जिभेचा एक कोपरा काढून भागलं असतं, तिथे दोन-तीन महिन्यांनी अर्धी जीभ जाते आणि मानेतल्या गाठीही काढाव्या लागतात. आज जे पुरतं निघालं असतं, ते नंतर उघडून पाहिलं तर हाताबाहेर गेलेलं असतं. प्रत्येकाचं असंच होतं असंही नाही. काही गाठी आळशी असतात, सहा महिने जागच्या हलत नाहीत. पण कुठली आळशी आणि कुठली चलाख, हे आधी कुणालाच सांगता येत नाही. म्हणून घाई सगळ्यांचीच करायची.

गंमत म्हणजे, कित्येकदा घाई आम्हालाच असे. इकडे खरमास पाळतात. थंडीतला तो महिनाभर शुभकार्य वर्ज्य. त्या दिवसांत माझी यादी ओस पडू लागे. बलियाचे एक म्हातारबाबा तोंडात हा एवढा व्रण घेऊन आले आणि म्हणाले, "बिटिया, संक्रांतीनंतरचं दे." मी म्हटलं, "बाबा, मी देते हो. पण ही गाठ खरमास पाळते का, ते एकदा तुमच्या पंडितजींना विचारून घ्या." ते हसले आणि पुढच्या बुधवारची तारीख घेऊन गेले. दुसऱ्या एक बाई छठचं, म्हणजे इकडच्या कार्तिकातल्या सूर्यव्रताचं, अर्घ्य दिल्याशिवाय येणारच नाही म्हणून हटून बसल्या. सर म्हणाले, "आठ दिवस. नवव्या दिवशी मी स्वतः आणायला येईन." नवव्या दिवशी सकाळी सहाला बाई हजर, आणि सोबत सगळ्या विभागाला पुरेल एवढा प्रसादाचा गोड, तळलेला ठेकुआ.

ते दिवस आठवले की अजूनही बरं वाटतं. थंडीत भूल देणाऱ्या मॅडम येताना मातीच्या कुल्हडांतून मलइयो घेऊन यायच्या. ओठाला लागताच विरून जाणारा तो केशरी फेस खात आम्ही दिवसाची पहिली पाच मिनिटं हसून घ्यायचो. दुपारी चारला दुसऱ्या दिवशीची यादी भिंतीवर लागे. ज्यांना वाचता येत नसे त्यांच्यासाठी आमची आया मुन्नी ती मोठ्याने वाची. प्रत्येक नावापुढे ती 'जी' लावी, मग तो रिक्षावाला असो नाहीतर प्रोफेसर. आपलं नाव आलं की माणसं चक्क खूश होत. उद्या आपल्याला कापणार आहेत याचा आनंद झालेली माणसं मी तिथेच पाहिली.

पण सांगायचं आहे ते फूलमतीबद्दल.

त्या वर्षी एका ऑपरेशन थिएटरची वातानुकूलनाची यंत्रणा बिघडली आणि दुरुस्तीचे कागद इकडून तिकडे फिरत राहिले. दोन महिने आम्ही एकाच टेबलावर काढले. रांग दहा आठवड्यांवर गेली. त्याच दिवसांत फूलमती आली. पंचेचाळिशीची, सडसडीत, हातात हिरव्या बांगड्या. नवरा रामअवध मुगलसरायच्या पुढे एका रेल्वे फाटकावर गेटमन होता. तिला पित्ताशयाचा कॅन्सर होता. गंगेकाठच्या या पट्ट्यात तो फार दिसतो, आणि मोठा लबाड असतो. पोट जरा दुखतं, लोक गॅस म्हणून सोडून देतात, आणि कळतं तेव्हा बहुधा वेळ गेलेली असते. फूलमतीची गेलेली नव्हती. स्कॅनमध्ये गाठ आवाक्यात दिसत होती. सरांनी तिच्या कागदावर लाल शाईने 'जल्दी' लिहिलं. मी कशीबशी जागा काढून तिला पुढच्या मंगळवारची तारीख दिली.

"सिस्टर, ऑपरेशननंतर माछ-भात कधी खाता येईल?" तिने विचारलं.

"महिन्याभरात."

"तर मग ठीक आहे," ती नवऱ्याकडे बघून म्हणाली. जणू मासे कधी खायचे, तेवढंच विचारायचं राहिलं होतं.

दुसऱ्या दिवशी दुपारी माझ्या घरी मालतीकाकू आल्या. त्यांचे यजमान दातार मास्तर आमच्याच गल्लीतले. इंटर कॉलेजात गणित शिकवून निवृत्त झालेले. माझं माहेरही तिथलंच, आणि तिथे मी नर्सिंगला जाऊ नये असंच सगळ्यांचं मत होतं. मास्तरांनी माझ्या वडिलांना समजावलं, आणि वर्षभर रोज संध्याकाळी मला गणित शिकवलं. त्या गणितामुळे मी प्रवेशपरीक्षा पास झाले. ज्या खुर्चीवर मी बसले होते ती एका अर्थी त्यांचीच होती. चाळीस वर्षं पान खाऊन आता त्यांच्या गालाच्या आत कॅन्सर झाला होता. त्यांची तारीख अजून पाच आठवड्यांवर होती. ती मीच दिली होती, नंबराप्रमाणे.

"अगं, त्यांचं तोंडच उघडत नाही आता," काकू म्हणाल्या. "दूधसुद्धा चमच्याने. मी तर पार परेशान झालेय. तू जरा बघ ना. तुझ्याच हातात आहे ना सगळं?"

"काकू, नंबराने असतं हो. माझ्या हातात काही नसतं."

त्या रडल्या नाहीत. चहा अर्धा ठेवून उठल्या आणि जाताना माझ्या पाठीवरून हात फिरवला. "बरं. तू तरी काय करणार," म्हणाल्या. त्या भांडल्या असत्या तर मी ठाम राहिले असते, असं मला अजून वाटतं.

सोमवारी सकाळी मी फूलमतीचा कागद पुन्हा उघडला. भुलीच्या मॅडमनी लिहिलं होतं, रक्त थोडं कमी आहे, एक बाटली चढवून घ्यावी. म्हणजे एका दिवसाचं काम. मी रजिस्टरात तिच्या नावापुढे 'रक्त कमी' असं लिहिलं, तिला तीन आठवडे पुढे ढकललं आणि त्या मंगळवारी दातार मास्तरांचं नाव घातलं. सरांनी यादीवर सही केली. माझ्या यादीत ते कधी प्रश्न विचारत नसत.

रामअवधला मी खिडकीशी बोलावलं. "रक्त कमी आहे. तीन आठवड्यांनी या."

"तीन आठवडे?" तो म्हणाला. "खून तो हम दे देंगे, दीदी. अभी ले लीजिए."

"रक्ताचं होईल हो, पण आता टेबल रिकामं नाही."

तो क्षणभर माझ्याकडे बघत राहिला. फाटकावर उभं राहून येणारी गाडी बघतात तसा, डोळे बारीक करून. मग त्याने हात जोडले. "आप कह रही हैं तो ठीक ही होगा."

मास्तरांचं ऑपरेशन छान झालं. गालाचा आतला भाग काढला, छातीचं कातडं-मांस वळवून तिथे बसवलं. आठव्या दिवशी त्यांनी पाटीवर लिहून मला विचारलं, 'आता बोलताना अपूर्णांकासारखा वाटेन का?'

तीन आठवड्यांनी फूलमतीला आत घेतलं. यादीत तिच्यापुढे पाच तास लिहिले होते. पाऊण तासातच थिएटरचं दार उघडलं. आम्हा लोकांना अशा वेळी कुणी काही सांगावं लागत नाही. पाच तासांचं ऑपरेशन पाऊण तासात संपलं याचा अर्थ उघडलं, पाहिलं आणि पुन्हा शिवलं. पोटाच्या आतल्या पडद्यावर, यकृतावर, सगळीकडे राईच्या दाण्यांएवढे ठिपके पसरले होते.

सर माझ्या टेबलापाशी येऊन बसले. मी विचारलं, "सर, तीन आठवड्यांपूर्वी केलं असतं तर?"

"कुणास ठाऊक," ते म्हणाले. "तेव्हाही असतील, स्कॅनमध्ये दिसत नसतील एवढे बारीक. किंवा तेव्हा नसतील आणि आपण सगळं काढू शकलो असतो. हे आता कुणीच सांगू शकणार नाही. रक्तासाठी थांबवली होती ना?"

"हो," मी म्हटलं.

तिसऱ्या दिवशी मी सरांच्या खोलीत जाऊन सगळं सांगितलं.

"मास्तर कोण तुमचे?"

"गुरू."

"सिस्टर, तुम्हाला हलवलं तर माझी यादी करणारं दुसरं कुणी नाही, हे तुम्हालाही माहीत आहे. पण आजपासून एकही नाव मागेपुढे झालं तर त्याचं कारण मला तोंडी सांगायचं. खरं कारण."

"तिच्या नवऱ्याला काय सांगू?"

"आता सांगितलंत तर तुमचं मन हलकं होईल," ते म्हणाले. "त्याचं होईल का, याचा विचार करा."

मी त्याला सांगितलं नाही. तो शहाणपणा होता की भित्रेपणा, हे मला आजही ठरवता येत नाही. फूलमती पाच महिने जगली. रामअवध दर पंधरा दिवसांनी तिच्या दुखण्याच्या गोळ्या न्यायला यायचा. त्याला रांगेत उभं राहायला लागू नये एवढं मी बघायची. तो खिडकीशी येऊन सांगायचा, आज थोडं खाल्लं, आज उठून बसली. एकदा म्हणाला, "माछ-भात खाल्ला, दीदी. दोन घास. तुम्ही सांगितलं होतं ना महिन्याभरात, जरा उशीर झाला एवढंच." त्या दिवशी मी खिडकी बंद करून मागच्या जिन्यात जाऊन बसले. चैत्रात तो उरलेल्या गोळ्या परत द्यायला आला, तेव्हा त्याने काही न सांगताच मला कळलं.

त्यानंतर मी कामाची पद्धत बदलली. पूर्वी कुणाला ताप आला, कुणाची गाडी धुक्यात अडकली, कुणी घाबरून पळून गेलं, की ती जागा वाया जाई. आम्हीही चहा पीत बसायचो. आता मी एक वेगळी यादी केली. सगळ्या तपासण्या पूर्ण असलेले, तासा-दोन तासांच्या अंतरावर राहणारे, आणि बोलावलं की त्याच दिवशी येऊ शकणारे पेशंट. त्यांचा क्रमही नाव नोंदवल्याच्या तारखेप्रमाणे. जागा रिकामी झाली की पहिल्याला फोन. ज्यांचं रक्त कमी त्यांचे उपचार तारखेची वाट न बघता नाव नोंदवलं त्या दिवसापासून सुरू. खरमास पाळणाऱ्यांच्या घरी मी स्वतः फोन करायची. मुन्नी म्हणायची, "सिस्टर, तुम्ही लोकांना लग्नाचं आमंत्रण देता तसं बोलावता." टेबल रिकामं राहिलं असे दिवस पुढे मी बोटांवर मोजू शकत होते. आता यादी कॉम्प्युटरवर आहे, माझ्या जागी चटपटीत मुलगी बसते, पण ती वेगळी यादी तिने तशीच चालू ठेवली आहे. नोकरीतली माझी मिळकत विचाराल तर ती एवढी.

दातार मास्तर बरे झाले. आता ऐंशी ओलांडलीय. सकाळी राजा घाटाच्या पायऱ्यांवर उन्हाला बसलेले असतात. बोलणं थोडं बोबडं आहे, पण मिश्किलपणा शाबूत. भेटलं की म्हणतात, "तुझ्यामुळे आहे हो मी." मी म्हणते, "नाही हो मास्तर." त्यांना तो माझा विनय वाटतो. त्यांना मी कधी सांगितलं नाही आणि आता सांगणारही नाही. ते जगले याचं मला वाईट वाटतं का? अजिबात नाही. मास्तरांचा हात धरून घाट चढवताना मला खरंच आनंद होतो. आणि त्याच वेळी हिरव्या बांगड्याही दिसतात.

माझ्या निवृत्तीच्या आदल्या हिवाळ्यात एक दिवस रामअवध पुन्हा खिडकीशी उभा राहिला. केस पिकले होते. सोबत मुलगी होती, सरिता. चंदौलीला दिलेली. तिच्या छातीत गाठ लागली होती.

"कधी लक्षात आलं?" मी विचारलं.

"गुरुवारी," तो म्हणाला. "शुक्रवारी हिने मला फोन केला. सोमवारी आम्ही इथे होतो. आता सगळे रिपोर्ट झालेत." सासरचे थांबा म्हणत होते, पण हा तिला घेऊनच आला होता. गाठ लहान होती. आधी ऑपरेशन, असं डॉक्टरांनी ठरवलं होतं. नंबराप्रमाणे पाच आठवड्यांनंतरची तारीख येत होती.

मी सरिताला मुन्नीसोबत वजन करायला पाठवलं आणि रामअवधला बाहेरच्या बाकावर घेऊन गेले. एवढ्या वर्षांत पहिल्यांदा त्याच्या शेजारी बसले. आणि सांगितलं. तुमच्या बायकोला मी रक्तासाठी थांबवलं नव्हतं. माझ्या ओळखीच्या माणसाला तिची जागा दिली होती. डॉक्टर म्हणतात, त्याने फरक पडला असता की नाही ते कुणालाच सांगता येणार नाही. पण तारीख तिची होती.

समोरून स्ट्रेचर गेलं, एक बाई औषधांची पिशवी सावरत गेली. मग त्याने विचारलं, "वो आदमी बच गया?"

"हो."

त्याने मान हलवली. मी उठणार तेवढ्यात म्हणाला, "दीदी, इसके लिए किसी को हटाइएगा मत."

मी मान डोलावली. मग मी त्याला त्या वेगळ्या यादीबद्दल सांगितलं आणि विचारलं, कुणाची जागा आपोआप रिकामी झाली आणि सरिताचा क्रम आला, तर एका दिवसात याल का. "ड्यूटी बदलून घेईन," तो म्हणाला.

सरिता बरी आहे, हे इथेच सांगून टाकते. दर सहा महिन्यांनी तपासायला येते, मग मला भेटायला घरी येते, आणि तिचा बाप दाराबाहेर चपला काढून पाच मिनिटं बसतो. त्याने मला माफ केलं की नाही, हे त्याने कधी सांगितलं नाही. मीही विचारलेलं नाही.

पण तिला बोलावलं तो दिवस सांगायचा राहिला. त्या बाकावरच्या बोलण्याला बारा-तेरा दिवस झाले असतील. सकाळी दहाला वॉर्डातून निरोप आला, उद्याच्या यादीतल्या एका पेशंटला ताप भरलाय. वेगळ्या यादीत पहिलं नाव होतं मिर्झापूरच्या एका मास्तरणीचं. तिचा फोन लागला, पण तिला खोकला झाला होता. दुसरं नाव सरिताचं. मी सरांना जाऊन ताप आणि खोकला, दोन्ही कारणं सांगितली आणि मग रामअवधला फोन केला. दुपारी अडीचला बापलेक खिडकीशी हजर. मी भरतीचा कागद पुढे केला. त्याने हातात घेतला नाही.

"ही जागा कुणाची आहे?" त्याने विचारलं.

"गाजीपूरच्या एका बाईंची. त्यांना ताप आलाय."

"त्यांचं मग कधी?"

"ताप उतरला की सोमवारी. जागा धरून ठेवली आहे."

"पक्का?"

"पक्का."

तेव्हा त्याने कागद घेतला, मुलीची पिशवी उचलली, आणि दोघं वॉर्डाकडे चालू लागली.